घरात कायतरी शिरलंय

शिक्रापूरच्या आमच्या कंपनीत कुठं धूर निघायचा असला, तर तो आधी माझी परवानगी घेतो. ही फुशारकी नाही. शेडच्या छताला जेवढे स्मोक डिटेक्टर आहेत, त्यातला प्रत्येक कुठं बसवायचा ते मी ठरवलंय. मी सुलक्षणा, तिथली सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट न घालता आत आलेल्या प्लँट मॅनेजरला मी एकदा गेटवरून परत पाठवलंय, आणि जाताना त्यांनीच मला सॉरी म्हटलंय. तेव्हा निमोण्यातल्या आमच्या वस्तीवरच्या चार खोल्यांत आगीचा आणि चोरीचा अलार्म बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

घरात आम्ही चौघं. सासरे कोंडिबा, त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. सासूबाई सारजाबाई, त्यांना मी आत्या म्हणते. नवरा रविराज, ऊस आणि म्हशी बघतो. आणि मी, जी या तिघांना जिना चढताना कठडा धरायला सांगते आणि त्यांच्यापैकी एकही जण तो धरत नाही. घर नवीन, स्लॅबचं, रस्त्याला लागून. मागं गोठा, आणि गोठ्याला खेटून उसाचं रान.

अलार्मचा विचार निघाला तो आत्यांमुळे. लग्न होऊन या वस्तीवर आल्यापासून त्यांनी घराला कुलूप म्हणून लागू दिलं नव्हतं. कुठं लग्न असो, जावळ असो, बाकीचे जायचे आणि आत्या मागं राहायच्या. "घर काय एकटं टाकायचं व्हय?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचं माहेर यवतला. तिथं त्यांच्या भावाच्या नातीचं बारसं ठरलं, भावानं स्वतः फोन करून बोलावलं, तरी आत्यांनी आधीच सांगून टाकलं, "तुम्ही जावा. मी हाय हितं."

हे म्हणताना त्या भाकरी थापत होत्या. भाकरीला तडे गेले. आत्यांच्या भाकरीला तडे जात नाहीत. मला काय ते कळलं.

त्याच सुमारास पलीकडच्या वस्तीवर भरदुपारी चोरी झाली. घरातले सगळे कांदा लागवडीला रानात, आणि चोरांनी टीव्ही तर नेलाच, पण जाताना फ्रीजमधलं ताकही पिऊन गेले. आमच्या शेजारच्या हौशीरामभाऊंच्या घरी तर मीटरच्या बोर्डानं पेट घेतला आणि दोरीवरचे त्यांचे तीन चांगले सदरे जळाले. झालं. मी जाहीर केलं, "आत्या, यवतला तुम्ही येणार. घर मी बघते."

"तू बी यवतलाच येणार न्हवं? मग कुठनं बघशील?"

"मशीन बघेल."

आत्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं त्या दूध न देणाऱ्या म्हशीकडं बघतात.

पुण्याहून सामान मागवलं. छताला लावायचा स्मोक डिटेक्टर, कोपऱ्यात बसवायचा हालचाल ओळखणारा सेन्सर, दार उघडलं की कळवणारं चौकटीचं चुंबक, आणि काही झालं की आपोआप फोन लावणारी पेटी. सोबत एक छोटी घंटी आली होती, टिणटिण करणारी. ती मी परत केली. घराला शोभेल असा फॅक्टरीतला मोठा हूटर मागवला. रविराज म्हणाला, "अगं, एवढा कशाला?"

मी म्हटलं, "आवाज ऐकू न येणारा अलार्म आणि मुका राखणदार सारखेच."

हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये नेहमी वापरते. लोक लिहून घेतात.

शनिवारी सुट्टी टाकून मी शिडीवर चढले. खाली तिघं माना वर करून उभे. स्मोक डिटेक्टर हातात घेतल्यावर आबा म्हणाले, "ही पालथी वाटी चुलीपाशी लावावी. जाळ तितंच असतुया."

"आबा, चुलीपाशी लावला तर आत्यांच्या प्रत्येक फोडणीला वाजेल. धूर वर जातो, म्हणून छताला लावायचा. भिंत आणि छत मिळतं त्या कोपऱ्यात नाही, तिथं धूर पोचत नाही. पंख्याजवळ नाही, वारा धूर पळवतो. न्हाणीच्या दारापाशी नाही, वाफेला फसतो. स्वयंपाकघराबाहेर, झोपायच्या खोल्यांकडं जाणाऱ्या या बोळात. बरोब्बर इथं."

"बरोब्बर इथं" म्हणताना मी छतावर पेन्सिलीनं फुली मारली. तिघांच्याही चेहऱ्यावर आदर दिसला. रविराजच्या चेहऱ्यावर तो लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होता.

हालचालीचा सेन्सर मी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात लावला, माणसाच्या उंचीच्या जरा वर, खिडकीकडं पाठ करून. खिडकीकडं तोंड केलं तर ऊन आणि हलणारे पडदे त्याला चोर वाटतात. दाराला चुंबक. हूटर बाहेर, स्लॅबच्या खाली, रस्त्याकडं तोंड करून. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

चाचणीसाठी चोर हवा होता. आबांना चोर केलं.

"आबा, तुम्ही बाहेर जा. आम्ही आत लपतो. तुम्ही गुपचूप दार उघडून आत यायचं."

आबा गेले. आम्ही आतल्या खोलीत श्वास रोखून उभे. बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. मग खाकरण्याचा. मग आबांचा आवाज, "कोन हाय का घरात?"

आत्या आतून म्हणाल्या, "असला कसला वो चोर? खाकरत येतुया."

"मग बायामाणसांच्या घरात सांगितल्याबिगर शिरू व्हय?"

दुसऱ्या खेपेला आबा न खाकरता आत आले. हूटर असा किंचाळला की आबा होते तिथंच खाली बसले, गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली, आणि हौशीरामभाऊंच्या घरावरची कबुतरं त्या दिवशी परत आली नाहीत. मी रिमोटनं आवाज बंद केला. आबा उठून धोतर झटकत म्हणाले, "मशीन चांगली हाय. मी जर चोर असतो, तर आता माळकरी झालो असतो."

मला अभिमानानं भरून आलं.

आता राहिला निरोप. फोन लावणाऱ्या पेटीत चार नंबर आणि एकच निरोप साठवता येत होता. आग असो की चोर, निरोप तोच. नंबर घातले रविराजचा, माझा, शेजारी म्हणून हौशीरामभाऊंचा आणि सरपंच म्हणून सोपानरावांचा. निरोप माझ्या आवाजात ठेवायचा नाही असं ठरलं. रविराज म्हणाला, "तुझा आवाज ऐकला की लोकांना वाटंल बँकेतनं कर्जाला फोन आलाय. ठेवून देतील."

म्हणून आत्यांचा आवाज. आत्यांना सगळं गाव ओळखतं. मी त्यांना वाक्य लिहून दिलं आणि वाचून दाखवलं, "कोंडिबा यांच्या घरी आपत्कालीन परिस्थिती आहे, कृपया तातडीने यावे."

आत्या म्हणाल्या, "आसं कोन बोलतं? कृपया म्हटल्यावर कोन पळत यील?"

"मग तुम्ही तुमच्या शब्दांत बोला. पण आग आणि चोर, दोन्हीला चालेल असं हवं."

मी बटण दाबलं. आत्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि पेटीला सांगितलं, "मी सारजाबाई बोलतीया. घरात कायतरी शिरलंय. पळत या."

मला ते बरं वाटलं. थोडक्यात, स्पष्ट, आगीलाही चालेल आणि चोरालाही. आमच्या भागात 'कायतरी शिरलंय' म्हटलं की आग आणि चोर सोडून तिसरंच काही लोकांच्या डोळ्यांपुढं येतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. उसाच्या पट्ट्यात राहतो आम्ही. बिबट्याचं नावसुद्धा इकडं कुणी धड घेत नाही, 'ते' म्हणतात.

रविवारी दुपारी निघालो. आत्या नवी नऊवारी नेसून दारात उभ्या. त्यांच्या हातात बाळाचं झबलं, आणि चेहरा पहिल्यांदा शाळेत चाललेल्या पोरीसारखा. मी एकेक गोष्ट तपासली. डिटेक्टरची बॅटरी, सेन्सरचा दिवा, खिडक्यांच्या कड्या, चुंबक, पेटीचं सिम. सगळं हिरवं. दाराला कुलूप लावलं. आत्यांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं, मग दारालाच नमस्कार केला आणि पिकअपमध्ये बसल्या.

पुढं रविराज गाडी चालवत होता, शेजारी आबा. मागच्या सीटवर आत्या आणि मी. न्हावऱ्यापर्यंत आत्या मागं वळून बघत होत्या. न्हावरा गेल्यावर त्या सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "सुलक्षणा, माझ्या माहेरच्यांना तुझी मशीन सांगणार हाय मी. त्यांच्यात कुणाची सून आसलं करती?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "त्यात काय एवढं, आत्या."

तेवढ्यात रविराजचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला. गाडीत आवाज घुमला, "मी सारजाबाई बोलतीया. घरात कायतरी शिरलंय. पळत या."

आत्यांनी माझा दंड धरला. "आगं बाई, मी तर हितं हाय. मग घरात बोलतंय कोन?"

आबा मागं वळले. त्यांनी आधी आत्यांकडं पाहिलं, मग फोनकडं, मग परत आत्यांकडं. कालचं रेकॉर्डिंग त्यांच्या देखत झालं होतं, पण भीती वाटली की माणसाला काल आठवत नाही. रविराजनं तर चक्क विचारलं, "आय, काय शिरलंय?"

फोन म्हणाला, "मी सारजाबाई बोलतीया."

"अहो, ती मशीन आहे," मी म्हटलं. "गाडी वळवा."

माझा फोन वाजला. त्यातही आत्याच. आता घरात खरंच काहीतरी झालं होतं. चोर की आग? मी मनात घर फिरून आले. दार, खिडक्या, बोळ, स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात आल्यावर शेगडीपाशी अडकले.

"आत्या, निघताना गॅसवर काही होतं का?"

आत्या हळूच म्हणाल्या, "दूध ठेवलं हुतं. बारीक करून. तू म्हणलीस की, मशीन बघंल."

मी बॅटऱ्या तपासल्या, कड्या तपासल्या, चुंबक तपासलं. गॅसची शेगडी तपासली नाही. मी! जी कंपनीत चहाची किटलीसुद्धा स्विच बंद केल्याशिवाय सोडू देत नाही!

इकडं गावात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सोपानराव जेवून ओट्यावर पडले होते. त्यांचा फोन वाजला. तिकडून आत्या म्हणाल्या, "घरात कायतरी शिरलंय." सोपानराव उठून बसले. "वहिनी, काय शिरलंय? ते हाय का?" आत्या म्हणाल्या, "मी सारजाबाई बोलतीया." सोपानराव म्हणाले, "ते कळलं. पर ते कुठल्या खोलीत हाय? तुम्ही दार लावून घ्या." आत्या म्हणाल्या, "पळत या." फोन बंद. थोड्या वेळानं परत तोच फोन, तोच आवाज, तेच शब्द. सोपानरावांनी गावाच्या ग्रुपवर लिहिलं की कोंडिबांच्या घरात बिबट्या शिरलाय, सारजाबाई आत अडकल्यात, शुद्धीवर आहेत, पण एकच वाक्य बोलताहेत.

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या दारात जत्रा भरली होती. हौशीरामभाऊ हातात काठी आणि दुसऱ्या हातात स्टीलचं ताट घेऊन पुढं. तीन ट्रॅक्टर, त्यांचे हॉर्न वाजवत. कुणी फटाक्यांची माळ आणलेली. शेजारच्या गच्चीवर बायका. आणि या सगळ्याच्या वर आमचा हूटर, सायरनवाल्या दहा गाड्यांसारखा. स्वयंपाकघराच्या बंद खिडकीच्या फटीतून काळा धूर बाहेर येत होता.

सोपानराव आमच्याकडं धावले. त्यांनी रविराजचे खांदे धरले. "धीर धर. वहिनी आत हाईत, पर बोलत्यात. वनखात्याला कळवलंय."

"मी आत कुठं हाय?" गाडीतून उतरत आत्या म्हणाल्या.

सोपानरावांनी आत्यांकडं पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला आणि त्यातूनही आत्या बोलल्या. सरपंच दोन पावलं मागं सरले. राजकारणात एवढी वर्षं काढलेला माणूस, पण एकाच वेळी दोन सारजाबाई त्यांनाही झेपल्या नाहीत.

"सोपानतात्या, बिबट्या नाहीये," मी ओरडून सांगितलं. हूटरपुढं ओरडावंच लागत होतं. "दूध करपलंय. गॅस चालू आहे. मला जाऊ द्या."

"म्याडम, आत जायचं न्हाई," हौशीरामभाऊ आडवे आले. "धूर त्यानंच केला आसंल. उडी मारून शेगडी पाडली आसंल."

कुणीच मला दाराकडं जाऊ देईना. गॅस तसाच चालू. दूध जळून संपलं असणार, आता भांडं, मग शेगडीमागचा कपडा, मग मांडणीवरचं तेल. लोकांना समजावत बसायला वेळ नव्हता. पण एक गोष्ट मी घर बांधतानाच भांडून करून घेतली होती. सिलिंडर घराबाहेर, मागच्या भिंतीला जाळीच्या पिंजऱ्यात, आणि तिथूनच पाइप आत. मागून जाऊन कॉक बंद केला की झालं.

"मी मागून जाते," मी रविराजला म्हटलं.

"मी जातो. तू थांब."

"कॉक कुठल्या बाजूला फिरतो माहीत आहे?"

"फिरवून बघीन की."

"गॅसवर फिरवून बघत नसतात," मी म्हटलं आणि ओढणी कमरेला खोचून निघाले.

मागं कुणी नव्हतं. सगळी माणसं, सगळा गोंगाट रस्त्याच्या बाजूला. गोठ्यात म्हशी दावी ताणून उभ्या होत्या आणि सगळ्या एकाच दिशेला, उसाकडं, बघत होत्या. मला वाटलं हूटरला घाबरल्यात. मी पिंजरा उघडला, कॉक घट्ट फिरवला, खिडकीतून आत पाहिलं. शेगडीची निळी जीभ विझली होती. सुटले, असं म्हणून मी वळले.

गोठ्याच्या टोकाला, रेडकू बांधतो त्या खुंट्यापासून जवळच, उसातून एक मोठं डोकं बाहेर आलं. पिवळं. ठिपके. कान मागं दाबलेले. मी त्याच्याकडं पाहत होते आणि तो माझ्याकडं नाही, हूटरकडं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वैताग दिसला, दुपारची झोपमोड झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो तसा.

ट्रेनिंगमध्ये मी सगळ्या संकटांवर बोलते. या संकटावर माझ्याकडं स्लाइड नव्हती.

तेवढ्यात पुढच्या बाजूला कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. बिबट्यानं अंग आक्रसलं आणि उडी घेतली. ती माझ्याकडं नव्हती. गोठ्याच्या कडेनं, कडब्याच्या गंजीवरून, मोकळ्या रानात, आणि तिथून सरळ पाण्याची चारी ओलांडून पलीकडं. मोकळं रान रस्त्यावरून आणि गच्चीवरून लख्ख दिसतं. सगळ्या गावानं त्याला पाहिलं. ट्रॅक्टरचे हॉर्न थांबले. ताट थांबलं. एकटा हूटर चालू राहिला.

मी घराला वळसा घालून पुढं आले. शांतपणे, चालत. संकटाच्या ठिकाणी पळायचं नसतं, हा माझाच नियम आहे, आणि लोकांनी नंतर त्याचं फार कौतुक केलं. पाय पळण्याच्या अवस्थेत नव्हते ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पर्समधून रिमोट काढला, हूटर बंद केला. रविराज समोर आला आणि सगळ्या गावादेखत त्यानं माझा हात धरला. आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

सगळ्यात आधी हौशीरामभाऊ बोलले. "म्याडम, मशीन म्हंजी मशीन हाय! उसातला बिबट्या घरातनं वळखला."

"हौशीरामभाऊ, तसं नाही. ती धुराला वाजली. या, दाखवते."

मी दार उघडलं. बोळात धूर कोंडला होता. स्वयंपाकघरात पातेलं कोळशासारखं झालेलं, मागची भिंत काळी, आणि शेगडीमागच्या कपड्याला नुकतीच जाळाची कड लागून विझलेली. अजून थोडा उशीर झाला असता, तर घर उरलं नसतं. मी छातीवर हात ठेवून सगळ्यांना ते दाखवलं. डिटेक्टर बरोब्बर ठिकाणी लावला होता, म्हणून घर वाचलं. हीच तर माझ्या शिकलेल्या विद्येची कमाई होती.

सोपानरावांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "दूध तर आमच्यात रोज उतू जातं. म्हंजी बिबट्या आला तवाच बरा तुमचा धूर झाला?"

"तात्या, योगायोग आहे तो."

"योगायोग कसा? वहिनींनी फोनवर सांगितलं, घरात कायतरी शिरलंय. शिरलंच हुतं की. घरात न्हाई, गोठ्यात. एवढा फरक चालायचाच."

आत्या म्हणाल्या, "दूध मी मुद्दाम ठेवलं हुतं. मशीन बघायला." आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं बोलले नाही.

वनखात्याचे लोक आले. त्यांनी गोठ्याच्या टोकाला पंज्यांचे ठसे बघितले. तो रेडकाच्या फार जवळ आला होता असं ते म्हणाले. मी त्यांनाही दुधाचं खरं खरं सांगितलं. त्यांच्यातले एक गृहस्थ शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, कारण काहीही असो. एवढ्या आवाजात तो दिवसाउजेडी बाहेर पडला आणि कुणाला न दुखवता गेला. माणसांनी मात्र त्याला घेरू नये, एवढं गावाला सांगा."

त्याच संध्याकाळी आम्ही यवतला गेलो. आत्या स्वतः म्हणाल्या, "चला. आता घराला काय भ्या हाय?" शेगडी मी चारदा बघितली. बारसं होऊन गेलं होतं, पण पाहुणे होते. पाळण्यात बाळ झोपलेलं, आणि त्याच्याभोवती जमलेल्या सगळ्या बायका आत्यांचं ऐकत होत्या. आत्यांच्या सांगण्यात बिबट्या घोड्याएवढा झाला होता आणि मी त्याच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी होते. मी मध्ये बोलायला गेले, तर आत्यांचे भाऊ म्हणाले, "तू बस, पोरी. मोठ्या माणसांना आपलं कौतुक सांगता येत नाही, हे आम्हाला माहीत हाय." मी बसले. कौतुक ऐकायला बसूनच बरं वाटतं.

पुढं ग्रामसभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सोपानरावांचं भाषण. मग मला बोलायला सांगितलं. आबा पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून बसले होते, त्यांच्या शेजारी रविराज, बायकांमध्ये आत्या. मी ठरवलं की आज सगळा गैरसमज काढायचा. फळा मागवला. घराचा नकाशा काढला. स्मोक डिटेक्टर कुठं आणि कुठं नाही. स्वयंपाकघरात धुराचा नको, उष्णतेचा हवा. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर हवाच. हालचालीचा सेन्सर कोपऱ्यात, उन्हाकडं तोंड नको. बॅटरी महिन्याला तपासा. निघताना आधी शेगडी बघा, मग मशीन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अलार्म वाजला की कारण शोधा आणि जबाबदार माणसाला कळवा, मग ते कारण कितीही किरकोळ असो.

एक माणूस हलला नाही. म्हातारे माना डोलावत होते. बायका बोटांवर मोजून घेत होत्या. कंपनीत एवढं लक्ष देऊन मला कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "काही शंका?"

हौशीरामभाऊ उठले. "म्याडम, समदं कळलं. फकस्त एक. बिबट्यासाठी ती गोठ्यात कंच्या कोपऱ्यात लावायची?"

मागून दहा-बारा जण म्हणाले, "व्हय, ते सांगा."

मी आबांकडं पाहिलं. आबांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की मला नाही म्हणवेना. आणि विचार केला तर प्रश्न काही चुकीचा नव्हता. हालचाल ती हालचाल. मी फळ्यावर गोठा काढला. उसाकडची बाजू दाखवली, उंची सांगितली, तोंड कुठं करायचं ते सांगितलं.

आता निमोण्यात गोठ्यागोठ्यात सेन्सर आहेत. एकूण एक बरोब्बर जागी. शिरूरपासून दौंडपर्यंत फिरा, असे शिस्तीत लावलेले सेन्सर तुम्हाला कुठं दिसायचे नाहीत. तेव्हापासून बिबट्या आमच्या शिवारात कुणाला दिसलेला नाही, हेही खरं.

परवा कंपनीत पुण्याहून ऑडिटला लोक आले होते. मोठी मीटिंग, मी सेफ्टीचे आकडे दाखवत उभी. टेबलावरचा माझा फोन थरथरायला लागला. कापला, परत थरथरला. ऑडिटर म्हणाले, "घ्या मॅडम, अर्जंट असेल."

मी घेतला. हौशीरामभाऊ. "म्याडम, अलार्म वाजला. तुम्ही म्हणला हुता कळवायचं. कारण शोधलं. म्हैस उठली हुती."

"बरं," मी म्हटलं.

मीटिंगमधले सगळे माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. ऑडिटरांनी पेन खाली ठेवलं आणि काळजीनं विचारलं, "काही सिरियस? परिस्थिती आटोक्यात आहे ना?"

मी फोनवर विचारलं. मग त्यांना सांगितलं, "हो सर. बसली परत."